तोंडातले दाणे

खोकला एकदाच आला. घशात कोंडा अडकावा आणि झटकून टाकावा, एवढाच. पण तो आला तेव्हा साहेबराव कचरूच्या दुकानात मान मागं टाकून बसला होता. उजवा गाल झाला होता, डाव्या गालावर फेस होता, आणि कचरूचा अंगठा त्याच्या हनुवटीवर होता. फेसाचे ठिपके उडाले. एक आरशावर, एक कचरूच्या मनगटावर, आणि एक कुठं गेला ते दिसलंच नाही. कचरूनं मनगट कमरेच्या टॉवेलला पुसलं. "हलू नका ना साहेबराव. एखांद्या दिवशी नाक जाईन तुमचं, मंग तुमचं डिपार्टमेंट मला धरून नेईन." मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. तेवढ्यानं कचरूला जोर आला. "आन् ओठ कामून उतला?" "उष्णता," साहेबराव म्हणाला. "उष्णता कायची? लई कोंबड्या मारल्या म्हणं तुम्ही तिकडं खानदेशात. त्यायचं पाप उतलं असंन." आता सगळा बाक हसला. बाकाच्या टोकाला एक बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती, लेकराचे केस कापायचे होते. ते हसण्याला भ्यालं आणि रडायला लागलं, तसा कचरू वळला आणि त्याच हातानं त्यानं लेकराचा गाल धरला. "ए राजा, आता तुझाच नंबर." साहेबरावनं हे सगळं आरशात पाहिलं. आरशावरचा फेसाचा ठिपका बराबर लेकराच्या तोंडावर येऊन बसला होता, आणि हळूहळू खाली ओघळत होता.

तो उठला. गळ्यातलं कापड ओढून काढलं, त्याच कापडानं डावा गाल पुसला, पैसे फळीवर ठेवले. "अहो अर्धीच झाली!" कचरू म्हणाला. "ऱ्हाऊ दे," साहेबराव म्हणाला, आणि दाराशी थांबून त्यानं आणखी एक वाक्य म्हटलं, जे त्याला स्वतःलाही विचित्र वाटलं: "हात धू कचरू. साबणानं धू. लेकराला नंतर धर." बाहेर आला. मार्चचं ऊन रस्त्यावर सांडलं होतं. कारखान्यातून निघालेला सळयांचा ट्रॅक्टर चौकात वळताना अडकला होता आणि सळयांची टोकं रस्ताभर खणखणत होती. साहेबरावनं खिशातली दस्ती काढून तोंडावर धरली. धुळीसाठी सगळेच धरतात. जालन्यात तोंडावर दस्ती धरलेल्या माणसाकडं कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. दस्तीच्या आत स्वतःचा श्वास गरम लागला. किती गरम? रोज एवढाच असतो का? त्यानं कधी लक्ष दिलं नव्हतं. पन्नाशी उलटली तरी माणसाला स्वतःचा श्वास ठाऊक नसतो. त्याला गायीचा ठाऊक होता, म्हशीचा ठाऊक होता, नाकपुडीशी हात नेला की ताप सांगू शकायचा तो. जनावरांच्या दवाखान्यात सारा जन्म गेला होता, जखमा धुण्यात, पट्ट्या बांधण्यात, शिंगं धरण्यात.

खानदेशातल्या त्या गावाची गोष्ट त्यानं परत आल्यापासून बऱ्याच जणांना सांगितली होती आणि सांगून सांगून ती गोटीसारखी गुळगुळीत झाली होती. ती अशी. खानदेशात कोंबड्यांना बर्ड फ्लू आला म्हणून जिल्ह्याजिल्ह्यातून माणसं बोलावली. जालन्यातून तो गेला, कडूबा गेला, आणखी काही जण गेले. आधी मोठे पोल्ट्रीवाले झाले, मग गावं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा, हातमोजे, गमबूट. चंद्रावर गेल्यासारखे दिसायचो (इथं ऐकणारे हसायचे). चष्म्याच्या आत वाफ धरायची. संध्याकाळी गमबूट उलटा केला की घामाचं पाणी पडायचं. पोल्ट्रीतल्या कोंबड्या गरीब, धरू द्यायच्या. गावठी कोंबडी कशाची धरू देते! पांढरी भुतं पाहून छपरावर, कडब्याच्या गंजीवर, निंबावर. मान पिरगाळायची, पोत्यात टाकायची, खड्ड्यात पोतं, वर चुना. आन् गंमत सांगू का, दुसऱ्या दिवशी सगळं गाव उशिरा उठलं. आरवायला कोंबडाच न्हाई ना! (इथं पुन्हा हसायचे.) आन् एक म्हातारी व्हती, सोनूबाई नावाची. तिच्या कोंबड्या झाडावर जाऊन बसल्या. मंग जाळं टाकलं आन् धरल्या.

जाळं टाकलं आन् धरल्या. हे वाक्य सांगताना त्याची जीभ दरवेळी ओठावरच्या खपलीला लागायची.

जनावरांच्या दवाखान्यासमोरच्या टपरीवर कडूबा बसला होता. कडूबा त्याच दवाखान्यात शिपाई, नोकरीला लागल्यापासूनचा जोडीदार. साहेबरावला बघून त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "हे काय सोंग? एकीकडून नवरदेव, एकीकडून म्हसोबा." साहेबराव त्याच्याजवळ बसला नाही. समोरच्या दगडावर बसला. दस्ती काढली नाही. "कडूबा, मला खोकला आला." "मंग? मला सकाळपासून पादं येऊन राह्यले. मी सांगत हिंडलो का?" "अंग बी कढत लागतंय." कडूबानं आता नीट पाहिलं. "गोळ्या दिल्त्या त्या बराबर घेतल्या ना?" "घेतल्या." "मास्क व्हता ना?" सळयांचा ट्रॅक्टर एव्हाना सुटला असावा, खणखणाट लांब गेला. "व्हता," साहेबराव म्हणाला. "मंग मरायला काय झालं! बस. चहा घे. आन् ह्ये कुठं बोलू नको, तुला सांगून ठिवतो. बोललास तं तुला उचलून नेतील, ते ऱ्हाऊ दे. पोरगी घरी आलीय ना बाळंतपणाला? सासरचे आजच येऊन घेऊन जातील. गल्लीतल्या बाया नळाला हात लावू देणार न्हाईत वैनीला. टीव्हीवाले येतील. साधा खोकला निघाला तरी जलमभर कोंबडीवाला म्हणतील तुला." हे सगळं मायेनं बोलत असताना कडूबानं स्वतःचा चहाचा ग्लास उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. त्याला ते कळलं नसावं. साहेबरावला कळलं. राग आला नाही, उलट बरं वाटलं. एका माणसाला तरी ग्लास बाजूला ठेवायची बुद्धी झाली.

बेबीनंदा. आज सकाळी ती ओट्यावर पाय पसरून बसली होती, पोटावर पितळी ठेवून गूळ-शेंगदाणे खात. "दादा," (बापाला ती लहानपणापासून दादाच म्हणायची) "पयलं बोट तुमचंच पाहिजे. सासूबाईनं किती बी म्हणू द्या." बाळ झालं की मधाचं पहिलं बोट ज्याचं, त्याच्या गुणावर लेकरू जातं, असं त्यांच्यात म्हणत. बेबीला पहिलं बोट आजीनं दिलं होतं, चांगुणाबाईनं. म्हणून बेबी अशी हट्टी, असं त्याची बायको सत्यशीला म्हणायची, सासूच्या माघारी आणि हसत. साहेबराव तेव्हा आरशासमोर होता. खपलीवर बोट ठेवून म्हणाला, "माझा कसला गुण? जनावराच्या जखमा धुवायचा." "तोच पाहिजे," बेबी म्हणाली. "आमच्या घरात सगळे बोलणारे. कुणीतरी धुणारं पाहिजे." तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं की दाढी करायला तो मुद्दाम दुकानात गेला. नातवासमोर चांगल्या तोंडानं जावं म्हणून.

चांगल्या तोंडानं.

लहानपणी कुंभार पिंपळगावला त्यांच्या झोपड्याला दार नव्हतं, ताटी होती, आणि ताटीला लागून कोंबड्यांचं खुराडं. चांगुणाबाई दिवसभर दुसऱ्याच्या रानात असायची. संध्याकाळी आली की आधी लेकराला नाही, कोंबड्यांना हाक मारायची. हाक लिहून दाखवता येण्यासारखी नव्हती. तीऽ तीऽ अशी सुरू व्हायची, जीभ टाळूला लावून, मग खाली घशात उतरायची, तिथं पाण्यात दगड टाकल्यासारखा एक आवाज यायचा आणि पुन्हा वर चढून ओठावर विझायची. ती ऐकली की गावाच्या कुठल्याही कोपऱ्यातून तिच्या कोंबड्या धावत यायच्या. बाजारच्या दिवशी दुसऱ्यांच्याही यायच्या, आणि त्यावरून भांडणं व्हायची. पावसाळ्यात एखादं पिल्लू मलूल पडलं की ती ज्वारीचे दाणे तोंडात टाकायची, चावून मऊ करायची, पिल्लाला तळहातावर घेऊन तोंडाशी आणायची. पिल्लू तिच्या ओठांतून खायचं. साहेबराव शेजारी बसून बघायचा. कधी त्याच्या पाळीला भाकरी कडक निघाली तर तीही ती चावून त्याच्या तोंडात द्यायची, मोठा झाला तरी. "लेकराला तसं तिला, तिला तसं लेकराला," म्हणायची. त्या अंड्यांवर त्याची पाटी-पुस्तकं झाली. तिच्या पुढं बसून तो दाणे तोंडात धरायला शिकला, हाक शिकला. आवाज फुटला तेव्हा हाक गेली असं त्याला वाटलं होतं, पण नाही, ती खाली गेली होती, आणखी घोगरी झाली होती. चांगुणाबाई शेवटी खोकून खोकून गेली. दम्यानं, असं सगळे म्हणाले. साहेबराव टपरीसमोरच्या दगडावर बसून आता पहिल्यांदा विचार करत होता की दमा म्हणजे नक्की काय होतं. आणि ती गेल्यापासून त्यानं ती हाक कधी मारली नव्हती. जालन्यात कुणासाठी मारणार! पक्क्या गल्लीत, नळाच्या ओळीत, कोंबडी येते ती सोललेली, पिशवीतून.

गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत त्याचं ठरलेलं नव्हतं. पाय ओळखीनं चालत होते. घराच्या फाटकाशी आला तर आत गडबड. सत्यशीला पदर खोचून पिशवीत जुनी लुगडी भरत होती, आणि बेबी भिंतीला धरून उभी, कपाळावर घाम. "कुठं गेल्ते? पोरीच्या पोटात दुखून राह्यलं सकाळपासून, तुम्ही गेले की लगेच! रिक्षा बोलवा जल्दी." मग तिनं नीट पाहिलं. "ही काय दाढी?" साहेबराव फाटकाच्या बाहेरच थांबला. फाटकाची कडी लोखंडी होती, उन्हानं तापलेली, ती त्यानं धरली आणि सोडली. बेबीनं हात पुढं केला. "दादा, या ना. धरा ना मला." किती सोपं होतं. चार पावलं. तिचा हात धरायचा, तिला रिक्षात बसवायचं, तिच्या शेजारी बसायचं, तिचं डोकं खांद्यावर घ्यायचं. रिक्षा लहान असते. रिक्षात श्वासाला जायला जागा नसते. "मी न्हाई येत," तो दस्तीतून म्हणाला. "रिक्षा पाठवतो." सत्यशीला पिशवी सोडून पुढं आली तसा तो मागं सरला. ती आणखी पुढं, तो आणखी मागं, नाल्यापर्यंत. "अहो, येडे झाले का? पोरगी अडलीय आन् तुम्ही—" "जवळ नको येऊ सत्यशीला. लांबून बोल." गल्लीतल्या नळावरच्या बाया हंडे ठेवून बघायला लागल्या. बेबीनं पुढं केलेला हात बराच वेळ तसाच होता, कळ आली तेव्हा मिटला.

(तो हात मी धरला असता तर? हे वाक्य त्याच्या डोक्यात पूर्ण होत नव्हतं. एकदा शेवट असा व्हायचा: काही झालं नसतं. एकदा शेवटच व्हायचा नाही.)

चौकातून त्यानं रिक्षा पाठवली, रिक्षावाल्याला लांबूनच पैसे टाकले, आणि स्वतः पायी सरकारी दवाखान्यात गेला. दोन्ही रस्ते एकाच फाटकात जात होते. पण बेबी बाळंतिणीच्या बाजूला जाणार होती, आणि तो विचारत विचारत, सगळ्यांपासून हातभर लांब, अंगाला अंग लागू न देता, तापाच्या बाजूला. डॉक्टरीणबाई तरुण होती. बाकावर रांग होती, तरी त्यानं दारातूनच सांगितलं, "मॅडम, मी कोंबड्या मारायला गेल्तो. खानदेशात. खोकला हाय." रांग आपोआप फाकली. तिनं स्वतःच्या तोंडाला मास्क बांधला, त्याला एक दिला, आणि मग खुर्ची मागं न घेता जवळ ओढली. "मास्क वापरला होता ना तिथं?"

जाळं टाकलं आन् धरल्या. गोष्ट तयार होती. जीभ खपलीला लागली.

"पूर्ण वेळ?" बाईनं विचारलं.

आणि मग गोष्ट दुसऱ्यांदा झाली, जशी झाली तशी. सोनूबाईच्या अंगणात निंब होता, आणि तिच्या कोंबड्या निंबावर. जाळं होतं, पण ते दुसऱ्या गल्लीत होतं, कडूबाकडं. पथकाचे डॉक्टरसाहेब पुढच्या घरी होते. सकाळपासून गावच्या पोरांनी पथकाची टिंगल चालवली होती, एकजण छपरावरून घसरून पडला होता, सगळे थकले होते. सोनूबाई उंबऱ्यावर हाताची घडी घालून बसलेली. तिची भाषा अहिराणी, साहेबरावला निम्मी कळायची. "त्या मन्हा आवाजले येतस, भाऊ," ती म्हणाली. माझ्याच आवाजाला येतात. आणि मग तोंड मिटून बसली. ती हाक मारणार नव्हती. का मारील! साहेबराव निंबाखाली उभा राहिला. मास्कच्या आत त्यानं तीऽ तीऽ केलं. कापडानं आवाज खाऊन टाकला. सोनूबाई हसली असावी, किंवा त्याला तसं वाटलं. त्यानं मागं पाहिलं, गल्लीत कुणी नव्हतं. त्यानं टोपी मागं टाकली, चष्मा वर केला, मास्क हनुवटीखाली ओढला. इतक्या तासांनी तोंडाला वारा लागला. आणि त्यानं हाक मारली.

हाक आली. तशीच. जीभ टाळूला, मग घशात, मग पाण्यात दगड. त्याच्या गळ्यातून चांगुणाबाई बोलली. पहिली कोंबडी फांदीवरून उतरली, मग दुसरी, मग सगळ्या, पंख फडफडवत, धावत, मान पुढं काढून, जशा कुंभार पिंपळगावला यायच्या. तो एकेक उचलत होता आणि पोत्यात टाकत होता आणि हाक मारत होता, एका श्वासात दोन्ही. एकच राहिली, बोडक्या मानेची, शहाणी. ती अंगणाच्या मधोमध येऊन थांबली. येईना. सोनूबाईच्या शेजारी सुपात बाजरी होती. त्यानं चिमूट उचलून तोंडात टाकली, चावली, गुडघ्यावर बसला, ओठ पुढं केले.

"तोंडात?" डॉक्टरीणबाईनं विचारलं. ती लिहायची थांबली होती. "दाणे तोंडात घेतले?"

"हां."

"का?"

येत नव्हती म्हणून, असं तो म्हणाला. पळापळ करून मारण्यापेक्षा विश्वासानं आली तर तिला भ्या वाटणार न्हाई, असंही म्हणाला. हे वाक्य चांगलं होतं, त्यात दया होती, आणि एवढे दिवस त्यानं स्वतःला तेच सांगितलं होतं. पण मास्कच्या आत ते वाक्य परत त्याच्याच तोंडावर आलं, गरम. दया नव्हती ती. पहिली हाक उमटली त्या क्षणी तो कोंबड्या, पोतं, रोग, सगळं विसरला होता. त्याला फक्त पाहायचं होतं की आई अजून त्याच्या गळ्यात आहे का, आणि अजून तिच्या शब्दाला वजन आहे का. होतं. बोडकी आली. त्याच्या ओठांतून बाजरी खाल्ली. शेवटचा दाणा खाताना चोच ओठाला लागली, रक्त आलं, आणि तेवढ्यात त्यानं तिची मान धरली. तोंडात बाजरीची चव होती. त्यानं ती गिळली. मास्क वर केला. डॉक्टरसाहेब आले तेव्हा पोतं बांधून झालं होतं. "कमाल केली साहेबराव!" म्हणून त्यांनी पाठीवर थाप मारली. सोनूबाई उठली, आत गेली, आणि तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आली. तिच्या कोंबड्यांचं पोतं ओलांडून आली. "तोंड धू, भाऊ," म्हणाली. त्यानं धुतलं नाही. सगळ्यांदेखत मास्क कसा काढणार!

"घरी कोणकोण आहे?" डॉक्टरीणबाईनं शेवटी विचारलं. त्यानं आधी सत्यशीलाचं नाव सांगितलं, मग बाळंतिणीच्या बाजूला बोट दाखवलं.

मग सगळं झपाट्यानं झालं, इतकं की त्यात त्याचं काही राहिलं नाही. घशातून, नाकातून नमुना घेतला, तो कुठंतरी लांब पाठवायचा होता, उत्तर यायला वेळ लागणार होता. मागच्या बाजूला एक खोली रिकामी करून दिली. तिला एक खिडकी होती, खिडकीबाहेर पटांगण, पटांगणाच्या पलीकडं चिंचेचं झाड. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सत्यशीलाला तपासलं, बेबीला तपासलं, कडूबालाही बोलावून घेतलं, कचरूच्या दुकानात माणूस पाठवला. कुणाला काही नव्हतं. कडूबा पटांगणातून ओरडून गेला, "मायला, सांगितलं व्हतं ना बोलू नको! आता बस कोंडून, अंड्यावर बसल्यासारखा." आणि मग तिथंच, ऊन डोक्यावर घेत, बराच वेळ उभा राहिला. संध्याकाळपासून साहेबरावला थंडी भरली. ताप चढला, उतरला, चढला. तापात त्याला एकच आवाज ऐकू यायचा, पंखांचा. ओरडण्याचा नाही. कोंबड्या ओरडल्याच नव्हत्या. त्याला वाटायचं, त्या ओरडल्या असत्या तर आता बरं झालं असतं.

बाळ सकाळी झालं. मुलगा. हे त्याला जेवण ठेवायला आलेल्या माणसानं दाराबाहेरून सांगितलं, आणि हेही, की बाळंतीण ठीक आहे पण कुणाशी बोलत नाही.

दुपार कलल्यावर चिंचेखाली सत्यशीला दिसली. नर्सची नजर चुकवून आली असणार. हातात जुन्या लुगड्याचं गाठोडं होतं आणि गाठोडं हलत होतं. साहेबराव झटक्यात उठला, त्याला गरगरलं, खिडकीची चौकट धरून उभा राहिला. खिडकीचं एक दार हवेसाठी किलकिलं होतं. ती पटांगणाच्या मधोमध आली, तसा त्यानं हात हलवला. मागं हो. मागं. ती थांबली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. नळावरच्या बायांनी काय काय म्हटलं असेल, बेबीच्या सासरचे येऊन काय बोलले असतील, ते तिनं सांगितलं नाही. "बेबी बोट देऊ देईना कुणाला," ती ओरडून म्हणाली. "सासू बसलीय मधाची वाटी घेऊन. म्हणती, दादाला बरं वाटू द्या, तंवर कोरडं ऱ्हाऊ द्या लेकराला. रागात हाय तुमच्यावर. तरी म्हणती." साहेबरावनं मान हलवली. नाही. त्यानं तिच्याकडं बोट दाखवलं: तू दे. तिला कळलं, कारण तिनं तोंड फिरवलं. मग पुन्हा वळली. गाठोडं उंच धरलं. पदर बाजूला झाला आणि उन्हात लेकराचं तोंड दिसलं, लाल, सुरकुतलेलं, डोळे मिटलेले. मिटल्या डोळ्यांनीच ते तोंड उघडून मान इकडून तिकडं वळवत होतं. काहीतरी शोधत होतं. साहेबरावनं असं तोंड हजारदा पाहिलं होतं, तळहातावर.

"आवाज तरी द्या," सत्यशीला म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, तरी ऐकू आलं. "बोट ऱ्हाऊ द्या. आवाजानं काय व्हतंय? एकदा हाक मारा, तुमच्या मायसारखी. तेवढंच जाऊ द्या त्याच्या कानात. मी सांगन बेबीला, तुझ्या दादानं हाक मारली म्हणून." तिनं दोन पावलं पुढं टाकली.

त्याचा हात मास्कच्या गाठीवर गेला. डोक्यामागं, केसांत. गाठ सैल होती, एका ओढीत सुटली असती. जीभ आपोआप टाळूला जाऊन बसली. घशात हाक येऊन थांबली होती, तीच, जिला कुणी नाही म्हटलं नव्हतं, ना झाडावरच्यांनी, ना अंगणातल्या शहाणीनं. मारली असती तर सत्यशीला आली असती. दोन पावलं, चार पावलं, खिडकीपर्यंत, लेकरू उराशी धरून, चेहऱ्यावर तोच विश्वास घेऊन.

त्यानं आधी खिडकीचं दार ओढून घेतलं. कडी लावली. मग दोन्ही हात मागं नेऊन मास्कची गाठ सोडली नाही, आणखी एक मारली, घट्ट, नाक दुखेपर्यंत. सत्यशीलाचे ओठ हलत होते, आता काही ऐकू येत नव्हतं. लेकरू तोंड उघडून इकडं तिकडं मान वळवत राहिलं. साहेबराव काचेच्या अलीकडं तोंड मिटून उभा राहिला, आणि ती दोघं मागं फिरेपर्यंत त्यानं घशातली हाक गिळून धरली, बाजरीसारखी.